बारीक धार

तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर एक माणूस वाट अडवून बसला होता. शेजारी जाड कापडाची पिशवी, पिशवीतून डोकावणारा पाना. "जरा सरकता का," एवढं म्हणणंही तिच्या जिवावर आलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आठ तास माणसांना माणसं जोडून देऊन संध्याकाळी घरी आलं, की तिच्या घशात स्वतःसाठी आवाज उरत नसे. ती नुसतीच उभी राहिली.

"तुमच्या समोरच्यांनी चारला बोलावलं होतं," तो आपणहून बाजूला होत म्हणाला. "साडेपाच झाले. कुलूप काही बोलत नाही."

"नळाचं काम करता तुम्ही?"

"शिंपी असतो, तर एवढा जड पाना कशाला वाहिला असता?"

एरवी ती हसली असती. त्या दिवशी ओठ हलले, तेवढंच. "मग आमच्या स्वयंपाकघरातला नळ बघा. दोन महिने झाले, करंगळीएवढी धार. एक पातेलं भरायचं म्हणजे माझी अर्धी संध्याकाळ जाते."

दार बाबांनी उघडलं. नळवाल्यानं चपला बाहेर काढल्या, आत आला आणि पाना बाहेर न काढता आधी एक लिटरचं माप मागितलं. मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरून त्यानं न्हाणीघरातल्या नळाखाली माप भरलं. सात सेकंद. मग स्वयंपाकघरातल्या नळाखाली धरलं. पंचावन्न.

"टाकी ठीक, वरून येणारा पाइप ठीक," तो म्हणाला. "दुखणं या एकट्याचं आहे. मोजल्याशिवाय हात लावायचा नाही, असं माझ्या काकांनी शिकवलंय. नाहीतर पडसं नाकाला आणि शेक पायाला."

नळाच्या तोंडावर ओरखडे पडू नयेत म्हणून त्यानं आधी चिंधी गुंडाळली आणि मग पाना लावला. तोंडाशी बसवलेली छोटी जाळी निघाली. तिच्यात गंजाचे पोपडे होते, वाळूचे कण होते. ब्रशनं ती घासून त्यानं परत बसवली. नऊ सेकंद.

"बघून ठेवा, ताई. हे तुम्हालाही जमेल."

तिनं बघितलं होतं, पण जाळीकडे नव्हे. एका जुन्या नळाला दुखू नये म्हणून चिंधी गुंडाळणाऱ्या हातांकडे ती बघत होती. आई गेल्यापासून त्या घरात कुणी कशाला इतक्या हळुवारपणे हात लावला नव्हता. तिनंही नाही. तिच्यात तेवढं त्राणच नसायचं.

दुसऱ्याच संध्याकाळी धार पुन्हा बारीक झाली.

चार दिवस तिनं कळ काढली. पाचव्या दिवशी, आयुष्यभर दुसऱ्यांचे नंबर जोडणाऱ्या तिनं स्वतःसाठी एक नंबर जोडला. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात त्याच्यासाठी निरोप ठेवता येई.

तो आला. माप, घड्याळ... चाळीस सेकंद. जाळी काढली तर स्वच्छ. तो सिंकखाली वाकला. भिंतीतून वर येणाऱ्या पाइपावरचा कॉक अर्धा बंद होता. त्यानं तो पूर्ण उघडला, पुन्हा माप भरून बघितलं आणि म्हणाला, "झालं, बाई."

कॉक कुणी फिरवला, हे त्यानं विचारलं नाही. तिनंही नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला एकाएकी सुचलं — हत्यारं गोळा करताना त्यानंच तर... परत बोलावणं यावं म्हणून? वयाच्या चौतिसाव्या वर्षी असलं काही मनात आल्याबद्दल तिनं स्वतःला एक दूषण दिलं आणि कुशीवर वळून बऱ्याच दिवसांनी नीट झोपली.

मग ते होतच राहिलं. आठवडा उलटला की निरोप जायचा, तो यायचा. कॉक कुठे आहे, कुठल्या बाजूला फिरतो, सगळं तिला ठाऊक होतं. तरी ती हात लावत नसे. पहिल्या दिवशी तो 'ताई' म्हणाला, दुसऱ्या खेपेला 'बाई', तिसऱ्या खेपेपासून काहीच म्हणेना. चहा घेताना ती बहुधा गप्पच असे. त्या गप्प बसण्याचं ओझं त्याला होत नव्हतं. तो पेल्यातल्या चहावर फुंकर घाली आणि कुठल्याशा मजल्यावर सापडलेल्या बिघाडाची हकिकत बाबांना सांगे. मधूनच तिच्याकडे बघे, ती हसली का ते पाहायला.

"आज किती सेकंद?" एकदा तिनं विचारलं.

"घाई आहे का तुम्हाला?" तो मापाकडे बघतच म्हणाला.

पाचव्या खेपेला मात्र त्यानं माप मागितलं नाही. पिशवी खांद्यावरच ठेवून तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"पहिल्या तारखेपासून हॉस्पिटलात लागतोय. पंपघर, टाक्या, सगळं माझ्याकडे. घरोघरची कामं बंद."

"चांगलं झालं," ती म्हणाली. दिवसभर शंभर वेळा म्हणायची त्या आवाजात — लाइन व्यस्त आहे, नंतर प्रयत्न करा. हातातलं फडकं ती उगाच चार घड्या करून ठेवू लागली. म्हणजे आता आठवड्याचा तो एक तासही नाही. नुसती कामावरून घर आणि घरून काम.

"म्हणून जाता जाता विचारतो," तो म्हणाला. "कॉक... तुम्हीच बंद करता ना?"

"मी?" फडकं हातातच राहिलं. "मला वाटलं, तुम्ही."

"मी माझंच काम बिघडवून ठेवीन?" त्याच्यातला कारागीर दुखावला होता.

"आणि मी दमून येऊन माझंच पाणी तोडीन?"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इतके आठवडे जी गोष्ट तिनं उशाशी घेतली होती, ती मुळात झालीच नव्हती.

"मी करतो," बाबा म्हणाले. ते केव्हा येऊन उभे राहिले होते, कळलंच नव्हतं. "दुपारचा चहा झाला की माझा कप मी धुतो. ही येते ती गळून गेलेली असते, हिच्या अंगावर आणखी एक कप कशाला? आधी धार बारीक होती, निभत होतं. तू नळ चांगला केलास आणि माझी पंचाईत झाली. कप स्थिर राहत नाही, पाणी सगळं अंगावर. म्हणून खालचा कॉक थोडा आवळतो. मग उघडायचा राहतो."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटं थरथरत होती. ती हे आज पहिल्यांदा बघत होती. घरी आल्यावर ते हात तिला नेहमी शालीखालीच दिसले होते.

"बाबा, बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो. पण हा आला की तू चार शब्द बोलायचीस. म्हटलं, राहू दे." आणि ते आत निघून गेले.

नळवाल्यानं पिशवी खाली ठेवली. हातोड्या-पान्यांच्या तळाशी हात घालून एक नवी जाळी काढली — पाण्यात हवा मिसळणारी. चिंधी गुंडाळून ती बसवली, कॉक पूर्ण उघडला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "हात धरून बघा."

धार भरून आली, पण मऊ. उडत नव्हती. फेसासारखी तळव्यावर पसरत होती.

"आता पुन्हा बोलवावं लागणार नाही," तो म्हणाला.

"म्हणजे तुम्ही नव्हतात," ती पाण्याकडे बघत म्हणाली.

"नव्हतो."

"वाईट वाटलं."

"कशाचं?"

"तुम्ही नव्हतात, याचं."

त्यानं नळ बंद केला. मग त्यानं चिंधीची घडी घातली, पुन्हा मोडली...

"मलाही," तो म्हणाला. "तुम्ही नव्हतात, याचं. मी तर जाऊन काकांना सांगूनही बसलो होतो."

आता मात्र ती हसली. थकलेलं, पण डोळ्यांपर्यंत पोचलेलं हसू.

"रविवारी मला सुट्टी असेल," तो म्हणाला. "बिघाड नसताना आलं तर चालेल?"

"रविवारी माझ्यात काही उरलेलं नसतं. धड बोलणंही होत नाही माझ्याकडून."

"मग नका बोलू. मी बसेन."

तिनं ओले हात पदराला पुसले. "पाचला या," ती म्हणाली. "त्याआधी मी झोपलेली असते."