जाळ्यांआडची मतं

"शिंकू नकोस, एवढं केलंस तरी पुष्कळ," पालथ्या होडीमागे दबा धरून बसलेला नकाशा धाकट्या बहिणीला दटावत होता. गावातले सगळे बोळ तोंडपाठ, म्हणून तो नकाशा. आणि तोंडाचा पट्टा थांबत नाही, म्हणून त्याची आतेबहीण टिटवी. टिटवी दर सुट्टीत मामाकडे यायची. पुढे कितीतरी सुट्ट्या आल्या नि गेल्या, पण त्या दुपारची तापलेली वाळू, होडीच्या नव्या रंगाचा वास आणि मानेवर येणारा धाकटीचा गरम श्वास तिला मोठेपणीही जसाच्या तसा आठवायचा.

किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्याखाली, प्रवाळाची लांबलचक भिंत होती. दिसायला दगडासारखी, पण जिवंत. लाटा तिच्यावर आपटून दमायच्या आणि अलीकडचं पाणी ताटात ओतल्यासारखं शांत राहायचं. त्याच पाण्यात मामानं टिटवीला पोहायला शिकवलं, मग नकाशाला. या सुट्टीत धाकटीची पाळी होती. आणि नेमका आत्ताच, मोठ्या बोटींच्या धक्क्यासाठी ती भिंत फोडायचा बेत निघाला होता. बंदर कचेरीनं आधी लोकांचं मत घ्यायचं ठरवलं. काल फलकावर लागलं, पलीकडच्या गल्लीत जवळजवळ कुणाचीच हरकत नाही.

टिटवीला पटेना. त्या गल्लीत ज्याला विचारावं तो म्हणे, मला कुणी विचारलंच नाही. मग हे बोललं कोण?

म्हणूनच आज मामाच्या गल्लीत मतं विचारायला येणाऱ्या पाहणीवाल्यावर पाळत होती. तो आला छत्री धरून, चकचकीत बुटांत. पहिल्या दाराशी थांबला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि कडी न वाजवताच पुढे सरकला. दुसऱ्या दाराशीही तेच. नकाशा साळसूद चेहरा करून बाहेर आला, त्या पाहणीवाल्या काकांना बर्फाच्या गोदामाच्या सावलीत बसवलं आणि पाणी देता देता विचारलं. काकांनी खुशाल सांगून टाकलं. घरं बंद आहेत, कुणी तक्रार करायला येत नाही, म्हणजे हरकत नसणारच की.

नकाशानं परत येऊन हे सांगताच टिटवीनं कपाळावर हात मारला. होड्या अंधारात निघत, उन्हं चढल्यावर परतत, आणि दुपारी अख्खी गल्ली झोपे. दारावर ओलं जाळं टांगलेलं असलं की आत दमलेला माणूस निजलाय, कडी वाजवायची नाही. पोस्टमनसुद्धा पत्र उंबऱ्याशी ठेवून चवड्यांवर परत जाई. परगावच्या या काकांना जाळं म्हणजे कुलूपच वाटलं होतं!

"जाळी काढू या," टिटवी म्हणाली.

"डोकं फिरलंय का तुझं? बाबा उठले तर सालटी काढतील."

"उठायलाच तर हवेत."

मग एकच धावपळ उडाली. ओली जाळी कसली जड! एक धाकटीच्या अंगावरच पडलं आणि तिला सोडवण्यात दोघांची दमछाक झाली. सगळी दारं मोकळी झाली, उरलं मामाचं. तिथे मात्र टिटवीचा हात अडला. मामा रात्रभर वाऱ्याशी झुंजून आला होता, जेवताना त्याचे डोळे मिटत होते. शिवाय कालच तिनं त्याला मामीशी बोलताना ऐकलं होतं, की धक्का झाला तर बारमाही काम मिळेल. उठून त्यानं फोडा म्हटलं तर? ते त्याच्या तोंडून ऐकायला लागलं तर?

तिनं डोळे मिटले आणि जाळं ओढलं.

सावलीत विसावून पाहणीवाला परतला तर दारांवर एकही जाळं नाही. आता कडी वाजवण्यावाचून सुटका नव्हती. पहिल्या दारातून ओरडा आला, दुसऱ्यातून त्याहून मोठा, आणि बघता बघता डोळे चोळत सगळी गल्ली बाहेर आली. कुणी काकांना फैलावर घेतलं, कुणी पोरांचे कान शोधू लागलं. बंद दार म्हणजे होकार, हा फलकावरचा प्रकार कळला तेव्हा मात्र काकांना पालथ्या होडीवर बसवून एकेक जण मत सांगू लागला. बर्फवाले म्हणाले, खुशाल फोडा, माझा धंदा वाढेल. लोक त्यांच्यावर उखडले.

"त्यांचंही लिहा काका, जसं म्हणाले तसंच," टिटवी मध्येच म्हणाली.

शेवटी मामा पुढे आला.

"धक्क्याचं काम मला हवंय, खोटं कशाला बोलू," तो म्हणाला. "पण भिंत गेली की लाट थेट या गल्लीत येणार. धक्का दुसरीकडे बांधा. माझी धाकटी अजून पोहायला शिकायचीय."

काकांनी ते तसंच लिहिलं ना, हे टिटवीनं कागदावर वाकून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बंदर कचेरीतल्या मोठ्या बाई स्वतः आल्या. फलकावरचा निकाल त्यांनी आपल्या हातानं काढला आणि पलीकडच्या गल्लीलाही होड्या लागायच्या वेळी पुन्हा विचारायला लावलं. भिंत राहू द्या, असंच बहुतेकांचं म्हणणं निघालं आणि पुढे धक्क्याची जागाही बदलली. पोरांनी आमचं काम केलं, असं बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या. मामानं मात्र आधी तिघांकडून वाळूनं भरलेली जाळी धुऊन घेतली. मग टिटवीच्या डोक्यावर खारट हात ठेवून म्हणाला, "माझी झोप मोडायची हिंमत तुझ्या आईलाही कधी झाली नव्हती. छान केलंस."

संध्याकाळी तो धाकटीला घेऊन पाण्यात उतरला. भिंतीपलीकडे लाटा फुटत होत्या. अलीकडे त्यानं हळूच तिच्या पोटाखालचा हात काढून घेतला, आणि धाकटी तरंगली.