धुरपदामावशीनं पुसलेलं पाणी

मोबाईल ठिवा बाजूला. भुतावर इश्वास न्हाय ना तुमचा? माझा बी न्हवता.

दोन हजार एकवीसचा मे. मुरुमजवळ कोविडचं सेंटर व्हतं. वैजनाथ तिथल्या लॅबमधी, आन म्या सँपलचा डबा गाडीनं धाराशिवला पोचवायचो. एका सांजंला डबा भरताना एका नळीचं झाकण सैल राहिलं. रोग्याच्या घशातला स्वॅब बुडवलेलं रसायन फरशीवर सांडलं. नेम असा, की वर कागद टाकायचा, ब्लीचिंगचं पाणी वतायचं, अर्धा तास थांबायचं, मग हातमोजे घालूनच पुसायचं. पर थांबतंय कोण? बाहीर म्या हॉर्नवर हॉर्न वाजवीत व्हतो. वैजनाथनं झाडलोटीच्या धुरपदामावशीला हाक मारली, "मावशी, पाणी सांडलंय, जरा पुसून घ्या."

तिनं उघड्या हातानं पुसलं.

बाराव्या दिशी मावशी गेली. गावानं ठरवलं, सून वर्षाराणीनं माहेरास्नं रोग आणला. नवऱ्यानं बी तिच्याशी बोलणं टाकलं. वैजनाथ गप, म्या बी गप. लाज वाटती सांगाय, पर भ्यालो आमी.

एकोणतीस मे, शनिवार. रात्रीचे दोन वाजून धा मिनिटं. वैजनाथ एकटा, दार आतनं लावलेलं. त्याच्या हातनं नळी निसटली, झाकण उडालं. त्यो वाकला... आन पाठीमागनं आवाज.

"सर, पाणीच हाय का?"

वैजनाथ वळला न्हाय.

खाली बसताना मावशी "आई गं" म्हणायची. तसंच आलं. अगदी जवळ.

"सर... पाणीच हाय नव्हं?"

...

"न्हाय मावशी!" वैजनाथ वरडला. "पाणी न्हाय! त्या दिशी बी न्हवतं! हात लावू नका..."

मग काईच न्हाय. नुसता पंखा.

सांडलेलं तसंच टाकून, बाहीरनं कुलूप घालून त्यो माझ्या दारात आला, रडत. पहाटं आमी दोघं वर्षाराणीकडं गेलो. तिच्या नवऱ्यादेखत सगळं कबूल केलं. तिनं सगळं ऐकलं आन आमच्या तोंडावर दार लावलं. बरोबर केलं तिनं.

तिथनं लॅबवर गेलो. कुलूप तसंच व्हतं. वैजनाथनं खिशातली चावी लावली.

फरशी पुसलेली. ब्लीचिंगचा वास. टेबलावर हातमोजे, उलटे काढून एकात एक घातलेले, अगदी नेमानं. वैजनाथच्या हाताला बसतील असले न्हवतेच, ल्हान व्हते.

आतला घाम अजून वाळला न्हवता.