पिंपात चालणारी मोटार

दादाला आणायचं होतं, एवढं एकच काम. सरोवराच्या पार वरच्या टोकाला, जिथं नदी डोंगरातून उतरून सरोवराला मिळते, तिथल्या चौकीत माझा थोरला भाऊ एकटा राहायचा. रोज पाण्याची पातळी मोजायची आणि वायरलेसवर खाली कळवायची, ही त्याची नोकरी. चार दिवसांपूर्वी दरड कोसळली, रस्ता गेला आणि एक दगड दादाच्या पायावर आला. "पाय सुजलाय, ताप आहे," एवढं तो वायरलेसवर बोलला आणि दुसऱ्या दिवसापासून यंत्र मुकं झालं. सरकारी बोट पुराच्या कामात अडकली होती, ती यायला अजून पाच-सहा दिवस. गावातल्या मोटारीच्या होड्याही तिकडेच गेलेल्या. मागे उरली होती वल्ह्यांची एक लाकडी होडी आणि आमच्या शेडमध्ये आडव्या फळीला अडकवून ठेवलेली दादाची जुनी मोटार, होडीच्या मागे लावायची, आठ हॉर्सपॉवरची. एकोणीस वर्षं तिला कुणी हात लावला नव्हता.

आमच्या घरात त्या मोटारीचं नावही निघत नसे. एकोणीस वर्षांपूर्वी एका सकाळी बाबांच्या छातीत कळ आली. दादा तेव्हा गावातला एकमेव मेकॅनिक. मोटार त्यानं आदल्याच दिवशी दुरुस्त करून ठेवली होती आणि तो दुसऱ्या गावी कामाला गेला होता. बाबांना होडीत निजवून पलीकडच्या दवाखान्याकडे मी निघालो. एरवी तासाभराची वाट. मोटार दर पंधरा मिनिटांनी बंद पडत राहिली, पुन्हा सुरू व्हायला दर वेळी तासभर जाई, आणि पोचायला पाच तास लागले. दुसऱ्या दिवशी बाबा गेले. चार तास आधी आणलं असतं तर वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. ते मी म्हणालो. धक्क्यावर, चारचौघांत, दादाच्या तोंडावर म्हणालो, "तुझ्या कामानं बाबांना मारलं."

दादानं ती मोटार पाण्याच्या पिंपात लावून चालवून पाहिली. दोन तास चालली, एकदाही न थांबता. "पिंपात चालते म्हणे!" मी गावभर सांगत सुटलो. नाचता येईना अंगण वाकडं, असंही म्हणालो. महिन्याभरात दादानं वर्कशॉपला कुलूप लावलं आणि चौकीची नोकरी धरून निघून गेला.

"मी येणार," ताई म्हणाली. ताई आम्हा दोघांहून मोठी. पासष्टी ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारे, पण चाळीस वर्षं नर्स म्हणून काढलेली. तिनं औषधांची पेटी आधीच भरली होती.

"ताई, तुला झेपायचं नाही."

"तुला मोटारीतलं कळत नाही, तरी तू निघालाच आहेस ना? मग मला झेपण्याचं काय सांगतोस!"

खरंच होतं ते. मी आयुष्यभर गोदामात स्टोअरकीपर होतो. मोजायचं, लिहायचं, झाकण लावायचं. घरातला नळ, दार, बरणी, काहीही उघडं दिसलं की माझा हात आपोआप तिकडे जातो. दादा नेमका उलटा, सगळं सताड उघडं टाकणारा. लहानपणी तो मला झाकण्या म्हणून हाक मारायचा.

मोटार खाली उतरवली तेव्हा तिच्या टोपणाखालून उंदराचं घरटं निघालं. सुरू करायची दोरी ओढली तर ती हातातच तुटून आली. तिच्या जागी कपडे वाळत घालायची दोरी लावली. कार्ब्युरेटर उघडला. आत जुन्या पेट्रोलचा गुळासारखा चिकट थर बसला होता. तो खरवडला, बारीक छिद्रात तार घालून फुंकलं. प्लग घासला. पण पंपाचं रबर वाळून कडक झालं होतं. ते नसेल तर इंजिनला थंड पाणी मिळणार नाही, दहा मिनिटांत जळून जाईल. मी डोक्याला हात लावून बसलो.

तेवढ्यात ताईनं फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला. आत तेलकट कागदात एकेक वस्तू गुंडाळलेली, वर दादाचं वळणदार अक्षर. 'पंप रबर, नवीन, एक.' 'पंख्याची पिन, तीन.' 'नळी व रबरी चेंडू, नवीन.' ज्याच्या कामाला मी नावं ठेवली, त्याचं काम हे असं.  ताईनं माझ्याकडे पाहिलं.

त्यातलं पंपाचं रबर आणि पेट्रोलची नवी नळी बसवून दुपारी मोटार पिंपात लावली. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून ते नरसाळ्यानं पेट्रोलच्या डब्यात ओतलं आणि नरसाळं डब्याच्या तोंडात तसंच ठेवून दोरी ओढली. अकराव्या वेळी खोकली, पंधराव्या वेळी धडधडली! निळा धूर शेडभर झाला. अर्धा तास चालली, सुरळीत. मग मी ती बंद केली, नरसाळं काढलं, डबा घट्ट बंद केला आणि दुसऱ्या दिवशी पहाट होताच आम्ही होडी पाण्यात ढकलली.

सरोवर त्या सकाळी गढूळ आणि रुंद वाटत होतं. दोन्ही बाजूंनी डोंगर थेट पाण्यात उतरलेले, त्यांच्या अंगावर दरडींचे ओले तांबडे ओरखडे, आणि पाण्यावर मुळासकट उपटलेली झाडं तरंगत चाललेली. होडी छान पळत होती. मला वाटलं, चार-पाच तासांत पोचू.

पंधरा मिनिटांनी मोटार बंद पडली.

मी प्लग काढून पुसला. ताईनं डब्याचं झाकण उघडून आत डोकावलं, "पेट्रोल तर आहे," म्हणाली आणि झाकण लावलं. दोरी ओढली, मोटार चालू! पुन्हा पंधरा मिनिटांनी बंद. या वेळी मी डब्यात थोडं पेट्रोल ओतलं, वर दादाच्या नावानं दोन शिव्या घातल्या.

"एकोणीस वर्षांनी पण त्याच्याच नावानं का?" ताई म्हणाली.

"मग कुणाच्या? तेव्हाही अस्संच झालं होतं! अगदी अस्संच!"

असं पंधरा-वीस वेळा झालं. कधी प्लग, कधी नळी, आणि पेट्रोल पाहायला दर वेळी डबा. जे हाताला येईल ते मी उघडत होतो आणि बंद करत होतो. दुपार झाली. वारा सुटला, लाटा होडीच्या काठावरून आत येऊ लागल्या. ताई तांब्यानं पाणी उपसत होती. मध्येच पाण्याखालचा एक ओंडका मोटारीच्या पाण्यातल्या पंख्याला लागला. खाड! मोटार किंचाळली, पण होडी हलेना. पंख्याला इंजिनशी जोडणारी पिन तुटली होती. लाटांवर हेलकावत, अर्धा पाण्यात लोंबकळत मी दादाच्या डब्यातली नवी पिन बसवली. बोटं बधिर झाली. पिनेचा तो कागद मात्र मी खिशात ठेवला, का ते ठाऊक नाही.

शेवटी खिंड आली. नदी इथून दोन कड्यांच्या मधून सरोवरात झेप घेते. खिंडीपलीकडे वळणावर चौकी. पाणी अंगावर धावून येत होतं. मी मोटार पूर्ण ताकदीनं सोडली. होडी इंच इंच वर सरकू लागली. डावीकडे खडक, उजवीकडे अडकलेल्या झाडांचा ढीग. अर्धी खिंड संपली.

आणि मोटार थांबली!

होडी गर्रकन फिरली. "वल्हव!" मी ओरडलो. ताईनं वल्हं खडकाला टेकवलं. ते कडकन मोडलं. ढीग जवळ येत होता. त्या फांद्यांखाली गेलो असतो तर दोघंही वर आलो नसतो. मी दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. काही नाही! पेट्रोल इंजिनकडे ढकलायचा नळीतला रबरी चेंडू दाबायला गेलो, तर तो पापडासारखा चपटा, फुगायलाच तयार नाही. नजर डब्यावर गेली. पत्र्याच्या दोन्ही कुशी आत ओढल्या गेल्या होत्या.

मी झाकण फिरवलं. फुस्स! हवा आत शिरली आणि पत्रा टण्णकन बाहेर आला.

झाकणावर एक छोटा स्क्रू असतो. होडीत डबा ठेवला की तो सैल करायचा, म्हणजे जेवढं पेट्रोल जाईल तेवढी हवा आत येते. तो बंद असेल तर डबा स्वतःच पेट्रोल धरून ठेवतो आणि इंजिन उपाशी मरतं. तो स्क्रू घट्ट आवळलेला होता. निघताना, पेट्रोल सांडू नये म्हणून, मीच आवळला होता.

दोन वेढे मागे फिरवले. चेंडू दाबला. दोरी ओढली. धडधड! ढिगाच्या फांद्या ताईच्या पदराला लागल्या, पदर फाटला, आणि होडी सुटली. वर, वर, खिंडीच्या बाहेर!

शांत पाण्यात आल्यावर मी मोटार मंद केली. "ताई," मी म्हणालो, "बाबांना नेलं त्या दिवशीही डबा घरून होडीपर्यंत मीच नेला होता. स्क्रू मीच आवळला होता. दादाचं काही चुकलं नव्हतं गं."

ताईनं फाटलेल्या पदराला गाठ मारली. मग म्हणाली, "हे मला सांगू नकोस. ज्याला सांगायचं, त्याला सांग."

दादा चौकीच्या दाराशी, भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, पाय घोट्यापासून काळानिळा. ताईनं आल्याआल्या जखम धुवायला घेतली. तो माझ्याकडे पाहत होता.

"माझीच मोटार ना ती?" तो म्हणाला. "लांबूनच आवाज ओळखला. खिंडीत बंद पडली, तेव्हा माझा जीवच गेला. म्हटलं, बाबांना नेलं, आता जे कुणी येतंय त्यालाही नेते."

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. एका दमात, मान खाली घालून.

तो रागावला नाही. त्यानं मेकॅनिकसारखे प्रश्न विचारले. "चेंडू चपटा झाला होता? डब्याच्या कुशी आत गेल्या होत्या? झाकण उघडलं की फुस्स वाजलं?" प्रत्येक प्रश्नाला मी हो म्हणालो.

"आणि पिंपात लावली तेव्हा स्क्रू मी उघडा ठेवला होता," तो स्वतःशीच म्हणाला. "मी कायम उघडाच ठेवायचो." मग त्यानं विचारलं, "म्हणजे माझं काम बरोबर होतं?"

"बरोबर होतं, दादा."

"रोज रात्री आडवा झालो की ते इंजिन मी मनात खोलायचो. एकेक नट काढायचा, पुसायचा, परत लावायचा. कुठं चुकलो ते सापडायचंच नाही. एकोणीस वर्षं रे." त्यानं डोळे पुसले. "एकदा तरी येऊन विचारायचंस ना, स्क्रू कसा असतो म्हणून."

 माफ कर, असं म्हणायला तोंड उघडलं, पण ताईनं हातानं थांबवलं. त्याला उचलायचं होतं, आणि उजेड फार उरला नव्हता.

उतारावर खिंड दोन मिनिटांत मागे पडली. वारा थांबला होता. दादाला ताईनं पुढच्या बाजूला निजवलं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो काही वेळ मोटारीचा आवाज ऐकत राहिला. मग म्हणाला, "आता झोपतो," आणि खरंच झोपला. असा गाढ, की ताईनं दोनदा नाडी पाहिली. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही.

पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. तास झाला. मी मागे बसून सुकाणूचा दांडा धरला होता आणि कान लावून ऐकत होतो. दादाची मोटार सगळं सरोवर पार होईपर्यंत एकदाही खोकली नाही. एकदा तरी खोकली असती तर बरं झालं असतं, असं मला धक्क्यावरचा दिवा दिसेपर्यंत वाटत राहिलं.