दोघांचा एकच आकडा

२००७ सालच्या जुलैत मी महाडच्या ऑफिसात पुराच्या सूचनेचं काम बघत होतो. उमरठकडच्या एका वाडीत पुलाखाली आम्ही सेन्सर बसवला होता. तो ओढ्याची पातळी आमच्या संगणकाला कळवायचा, आणि वाडीतला सहदेव पुलाच्या खांबावर रंगवलेली पट्टी बघून फोन करायचा. दोघांचं जुळलं तरच आम्ही ऑफिसातून वाडीतला भोंगा वाजवायचा. आदल्या वर्षी सेन्सरखाली एक ओंडका अडकला, यंत्राला तो पूर वाटला आणि अख्खी वाडी म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट भर पावसात टेकाडावरच्या शाळेत जाऊन बसली. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसा हा नियम आला. मला तो आवडायचा. यंत्र चुकेल, माणूस चुकेल, पण दोघं एकसारखे कशाला चुकतील?

त्या दिवशी सकाळपासून पोलादपूरकडे पाऊस कोसळत होता. महाडला सावित्रीचं पाणी बाजारात शिरायला आलं होतं. सेन्सर मात्र एक मीटरच सांगत होता. दुपार झाली तरी तेच. कुणीतरी मुद्दाम छेडछाड केली असणार, असं माझं मत झालं. आमची ऑपरेटर नशरा म्हणाली, सहदेवही मीटरच सांगतोय. त्याला यंत्राचा आकडा आम्ही कधीच कळवत नव्हतो. शिवाय त्याची बायको ठमाबाई ओढ्याकाठच्या पहिल्याच घरात. तो खोटं कशाला बोलेल? माझं डोकं चालेना. मी जीप काढली.

पोचलो तेव्हा तिथला पाऊस थांबला होता. सहदेव पुलावर उभा होता. मी वाकून पट्टी बघितली. एक मीटर. पाणी पुलाच्या खूप खाली, निवळ, तळाचे गोटे दिसत होते. पण घोंघाट एवढा की सहदेवला माझ्या कानाशी येऊन बोलावं लागलं.

"साहेब, पानी मीटरच हाय ना? मग पूल का हालतोय?"

पूल खरंच हलत होता. मी कठड्यावरून हात खाली सोडला. मनगटाला गार ओढ बसली. हात वर घेतला तर कोपरापर्यंत भिजलेला, चिखलाने बरबटलेला.

मी घाबरलो. सरळ सांगतो, इतका कधीच घाबरलो नव्हतो.

नशराला फोन लावून भोंगा वाजवायला सांगितलं.

"सर, मशीन अजून एक मीटरच दाखवतंय. तुम्हाला काय दिसतंय?"

"पाणी पुलाला लागलंय," मी म्हणालो.

भोंगा वाजला. लोक दारात आले. ओढ्याकडे बघून हसले आणि पुन्हा आत गेले.

सहदेव हाका मारत घराकडच्या उताराला लागला. मी त्याचा दंड घट्ट धरला.

ठमाबाई खाली अंगणात आली होती. काय झालं, असं तिनं हातानंच विचारलं. वारा अजिबात नव्हता. तिचे मोकळे केस डोक्याच्या वर उठले होते आणि ओढा वाहतो त्या दिशेला संथ लहरत होते.