बारा मिनिटांच्या पलीकडची तबकडी

एकच तबकडी, एकच खेळ आणि एकाच बनावटीची दोन यंत्रे. शनिवारी संध्याकाळी घरी तो खेळ विनातक्रार सुरू झाला होता. रविवारी सकाळी अकरा वाजता, नागपूरच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या यात्रीनिवासात, तो सुरू होईना. पडद्यावर पुन्हा पुन्हा एकच ओळ उमटत होती : ‘परवाना पडताळता आला नाही.’ तबकडीवर ओरखडा नव्हता, यंत्रात बिघाड नव्हता, वीजही अखंड होती. मग अडले कुठे?

दहा वर्षांच्या ऋजुता गोहोकरसाठी हे नुसते कोडे नव्हते. तिची आई, डॉ. वसुधा, भूगर्भशास्त्रज्ञ होती आणि अकरा दिवसांनी मंगळाकडे निघणार होती. परत येईपर्यंत तीन वर्षे जाणार होती. यात्रेकरूंना कोणताही संसर्ग होऊ नये म्हणून त्यांना आधीपासून वेगळे ठेवले जाई. त्यामुळे आई जाड काचेपलीकडे होती आणि बोलणे ध्वनियंत्रावरून चालले होते.

मायलेकी गेली तीन वर्षे दर रविवारी ‘दोन काठ’ नावाचा खेळ खेळत आल्या होत्या. नदीच्या एका काठावरून एकीने पूल बांधत यायचे, दुसऱ्या काठावरून दुसरीने. एकीने दगड रचला की मगच दुसरीची पाळी. घाई नाही, शर्यत नाही. मंगळावर असलेल्या माणसाशी खेळता येईल असा खेळ असेल तर तो हाच, असे दोघींनी ठरवले होते. आता तोच बंद पडला, तर रविवार कोरे जाणार होते, आणि असे दीडशेहून अधिक रविवार पुढे होते.

प्रत्येक यात्रेकरूला घरून अडीचशे ग्रॅमची शिदोरी नेण्याची मुभा होती. ऋजुताच्या पुडक्यात दोनशे चौतीस ग्रॅम जवसाची चटणी आणि सोळा ग्रॅमची तबकडी होती. शिदोऱ्या तपासून मोहोरबंद करण्याचे काम एका यंत्रमानवाकडे होते; त्याला सारे तपासनीस म्हणत.

“जवसाची चटणी,” तपासनीस म्हणाला. “वजन योग्य. ज्वलनशील नाही. तिखटपणा मोजण्याची सोय माझ्याकडे नाही. तबकडी चाचणीत अनुत्तीर्ण. शिदोरी पाच वाजता बंद होईल.”

“अरे, काल तर चालत होती,” ऋजुता म्हणाली.

“काल ती विलंबकक्षात नव्हती,” तपासनीस म्हणाला.

विलंबकक्ष म्हणजे आईच्या बाजूची एक खोली. तिथून बाहेर जाणारा प्रत्येक संदेश बारा मिनिटे अडवून ठेवत आणि मगच पुढे सोडत. आत येणाऱ्या संदेशाचेही तसेच; फक्त काचेवरच्या ध्वनियंत्राला हा विलंब नव्हता. पुढे मंगळावर जसे घडणार होते, तसेच आधी इथे घडवून पाहायचे.

ऋजुताने शेजारी उभ्या असलेल्या आबाजींकडे पाहिले. आबाजी, म्हणजे आईचे वडील, प्रा. त्र्यंबक ढवळे, यांनी उभे आयुष्य दूरसंदेशवहनात (लांबच्या ठिकाणी माहिती पाठवण्याच्या शास्त्रात) काढले होते. ही तबकडी निवडली होती त्यांनीच, आणि आदल्या दिवशी घरी तपासली होतीही त्यांनीच. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

“मी घरचे इंटरनेट न काढता तपासणी केली,” ते म्हणाले. “चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो, की जिथे वस्तू वापरायची तिथलीच स्थिती आधी उभी करा. घरच्या शिदोरीच्या वेळी मात्र विसरलो. चूक माझी.”

“पण आबाजी, खेळ तबकडीत आहे ना? मग इंटरनेटचा काय संबंध?”

“तबकडीत खेळ आहे, हे तुला कुणी सांगितले?”

“डबीवर चित्र आहे की पुलाचं.”

“चटणीच्या बाटलीवर शेताचे चित्र असते; म्हणून बाटलीत शेत असते का? तबकडी उन्हात तिरपी धर आणि काय दिसते ते सांग.”

तबकडी काचेच्या भिंतीतल्या छोट्या झडपेतून बाहेर आली. ऋजुताने ती खिडकीशी नेऊन तिरपी केली. मधल्या छिद्राभोवती नखाएवढ्या रुंदीचे एक करडे कडे दिसत होते. त्याबाहेरचा सगळा भाग आरशासारखा गुळगुळीत होता.

“तबकडीवर माहिती म्हणजे असंख्य सूक्ष्म खळगे असतात,” आबाजी म्हणाले. “लेसरचा (एकाच रंगाच्या, अतिशय बारीक प्रकाशकिरणाचा) झोत त्यांच्यावरून फिरतो आणि कुठे खळगा आहे, कुठे नाही, ते वाचतो. लिहायला सुरुवात मधून होते आणि लिखाण कडेकडे सरकते. खळग्यांचा भाग किंचित काळपट दिसतो. आता बोल.”

ऋजुताने तबकडी पुन्हा उन्हात फिरवली. मग म्हणाली, “म्हणजे बहुतेक तबकडी कोरी आहे. खेळ हिच्यात नाहीच.”

“मग काय असेल?”

“तो परवाना?”

“परवान्याची किल्ली. खेळ कंपनीच्या सर्व्हरवर (मागेल त्याला माहिती पुरवणाऱ्या, दूर ठेवलेल्या संगणकावर) असतो. तो उतरवून घेतला की आपल्या यंत्रात बसतो. आईच्या यंत्रात तो आधीच बसवलेला आहे. पण दर वेळी सुरू करताना यंत्र सर्व्हरला विचारते, ही किल्ली खरी का? ‘हो’ आले की दार उघडते. नागपुरात ते ‘हो’ डोळ्याचे पाते लवण्याआधी येते.”

“आणि मंगळावरून?”

“तू सांग. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, आणि रेडिओसंदेशाचा वेगही तोच. या चाचणीत मंगळ साडेएकवीस कोटी किलोमीटरवर धरला आहे.”

“म्हणून बारा मिनिटं. जायला बारा, यायला बारा.” ती थांबली. “मग चोवीस मिनिटं थांबायचं ना यंत्राने. आई थांबली असती.”

“आई थांबली असती,” ध्वनियंत्रातून आई म्हणाली. “यंत्र तीस सेकंद थांबतं आणि दार लावून घेतं. मी घड्याळ लावून पाहिलं.”

“नंतर उत्तर येतं तेव्हा?”

“तोवर त्या प्रश्नाचा क्रमांक रद्द झालेला असतो,” आबाजी म्हणाले. “कुणी जुने ‘हो’ साठवून पुन्हा वापरू नये, म्हणून प्रत्येक विचारणेला नवा क्रमांक देतात. बनावट प्रती रोखायला ही युक्ती चांगली आहे. फक्त ती रचणाऱ्यांनी धरून चालले, की गिऱ्हाईक नेहमी पृथ्वीवरच असणार.”

“ही लबाडी आहे,” ऋजुता म्हणाली. “तरंगवाले लबाड आहेत.” तरंग ही त्या यंत्राची आणि खेळाची कंपनी.

आबाजींना घाईने काढलेला निष्कर्ष सहन होत नसे, मग तो नातीचा का असेना. “थांब. भामरागडच्या तुझ्या मामेभावाकडे हा खेळ कसा पोचला?”

“उतरवून घेतला त्याने. तासाभरात.”

“त्याच्या गावापासून तबकडीचे दुकान किती लांब?”

“खूप लांब. मामा म्हणतो, जाऊन येण्यात दिवस जातो.”

“मग सर्व्हर नसता तर त्याला खेळ मिळाला असता का? शिवाय चार जणांनी मिळून केलेला एखादा छोटा खेळ घे. त्यांनी हजारो तबकड्या छापायच्या कशा, दुकानोदुकानी पोचवायच्या कशा? सर्व्हरवर तो एकदा ठेवला की झाले. खेळात चूक सापडली तर तीही घरबसल्या दुरुस्त होते. प्लास्टिक वाचते, मालमोटारी वाचतात. हे सगळे खोटे आहे का?”

“खोटं नाही,” ती अनिच्छेने म्हणाली. “पण मग फरझानाची कंपनी तबकडीत पूर्ण खेळ का देते? त्यांना कळत नाही का हे?”

फरझाना तिची वर्गमैत्रीण. तिच्याकडे मेरू या प्रतिस्पर्धी कंपनीचे यंत्र होते, आणि ‘दोन काठ’ त्याच्यासाठीही निघाला होता.

“उत्तम प्रश्न. दोघांचे डावपेच (स्पर्धेत टिकण्यासाठी आखलेल्या चाली) निराळे आहेत. तरंगचे गिऱ्हाईक पुष्कळ. ते यंत्र स्वस्तात, प्रसंगी तोटा सोसून विकतात आणि पुढे प्रत्येक खेळ आपल्याच ऑनलाइन दुकानातून विकून तोटा भरून काढतात. खेळ हातोहात फिरू लागला, तर त्यांचे दुकान ओस पडेल. म्हणून किल्ली त्यांच्या हाती. मेरूचे गिऱ्हाईक थोडे. थोडेफार सर्व्हर आहेत, पण तरंगएवढे बांधणे त्यांना झेपत नाही. मग ते सांगतात, आमची तबकडी कुणालाही द्या, वापरा, विका. फरझानाने तबकडी दिली की घेणाऱ्याला वाटते, आपल्याकडेही मेरूचे यंत्र हवे. तबकडीच त्यांची जाहिरात करते.”

“आणि परवाना?”

“मेरूच्या पूर्ण तबकडीत कंपनीची खूण खळग्यांमध्येच कोरलेली असते. यंत्र ती वाचते आणि मानते. दुसऱ्या कुणाला विचारत नाही.”

काचेपलीकडे आई आता उभी राहिली होती. “बाबा, यानात दोन्ही कंपन्यांची यंत्रं आहेत. मेरूचं आहे.”

ऋजुताच्या चेहऱ्यावर आनंद उमटला आणि तसाच विरला. “पण आपला पूल तरंगमध्ये आहे.”

हे कुणाच्या लक्षात आले नव्हते. प्रतिस्पर्धी कंपन्यांची यंत्रे एकमेकांचे साठवलेले डाव वाचत नाहीत. गिऱ्हाइकाने सहज उठून दुसरीकडे जाऊ नये, हाही एक डावपेचच. तीन वर्षांत दोघींनी एक्केचाळीस कमानी बांधल्या होत्या. मेरूकडे जायचे तर नदी पुन्हा रिकामी.

आबाजींनी तरंगच्या मदतकक्षाला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. “तुमच्या नातीचं म्हणणं मला पटतंय, सर,” त्या म्हणाल्या. “पण तीन वर्षांचा परवाना एकदम देण्याची सोय आमच्या प्रणालीतच नाही. मी वर कळवते. उत्तराला सात दिवस लागतील.” आवाजात कंटाळा नव्हता. शिदोरी बंद व्हायला मात्र साडेचार तास होते.

“थांबायचं का सात दिवस?” ऋजुताने विचारले.

“शिदोरी पाचला बंद होईल,” तपासनीस म्हणाला.

“ऐकलं रे बाबा.”

आबाजींनी सल्ला दिला नाही. आई म्हणाली, “पूल दोघींचा आहे, पण सुरुवात तू केली होतीस. तू ठरव.”

ऋजुता काचेला टेकून बसली. तरंगची तबकडी धाडली आणि सात दिवसांनी उत्तर ‘नाही’ आले, तर पूल तिच्या घरच्या यंत्रात अर्धवट राहणार आणि आई मंगळावर रिकाम्या हाताने. मेरूची धाडली तर पूल जाणार, रविवार मात्र राहणार.

“आई, सुरुवातीच्या कमानी आठवतात तुला?”

“तू सात वर्षांची होतीस. वाकड्या आहेत त्या. मी तेव्हा बोलले नाही.”

“वाकड्या?”

“चांगल्याच वाकड्या. माझ्या कमानी त्यांना जुळवता जुळवता माझ्याही वाकड्या झाल्या.”

ऋजुता हसली, मग डोळे पुसले आणि उठली. “मेरू. नवीन बांधू. या वेळी सरळ.”

फरझानाने फोनवर आधी सगळे समजून घेतले. “माझी तबकडी मंगळावर जाणार?” ती म्हणाली. “तीन वर्षं? ओरखडा पडला तर तुझ्या आईला मी विचारीन हं, काकू असली तरी.”

“पण तुला खेळायला काही उरणार नाही.”

“मी सर्व्हरवरून उतरवून घेते. मेरू तेही देतं. पण तू कुठे खेळशील? तुझ्याकडे मेरू कुठंय?”

“तुझ्याकडे येईन. दर रविवारी.”

“ये. पण पाळीची वाट बघताना माझ्याशी बोलायचं. नुसतं पडद्याकडे बघत बसायचं नाही.”

आबाजींनी हे ऐकले आणि त्यांचा चेहरा सैल झाला. “वाद मिटला,” ते म्हणाले. “जिथे ‘हो’ पटकन येते तिथे सर्व्हर चांगला, फरझानाच्या घरी तोच राहू दे. जिथे ‘हो’ यायला चोवीस मिनिटे लागतात, तिथे तबकडीने कुणाला न विचारता आपले काम करावे. कोणता मार्ग श्रेष्ठ, हा प्रश्नच अपुरा होता. कुठे, आणि किती लांब, हे आधी विचारायला हवे होते.”

“पण खेळ इतका जड, मग आईच्या चाली कशा येतील इकडे?” ऋजुताने शंका काढली.

“खेळ म्हणजे सगळी नदी, दगड, आकाश, आवाज, ते तबकडीत तिच्यापाशी असेलच. चाल म्हणजे फक्त ‘अमुक दगड अमुक जागी’. एवढासा निरोप. तो रोजच्या निरोपांबरोबर सहज येईल.”

तीन वाजता फरझाना स्वतः तबकडी आणि खेळ उतरवून घेतलेले आपले यंत्र घेऊन आली. ऋजुताने आधी तबकडी उन्हात तिरपी धरली : मधल्या छिद्रापासून कडेपर्यंत सगळी करडी. मग तपासनीसाने ती निर्जंतुक करून झडपेतून आत सोडली. विलंबकक्षातल्या मेरूने कुणालाही न विचारता खेळ उघडला. पडद्यावर रिकामी नदी आली. आईने आपल्या काठावर काहीतरी केले, पण मुलींना ते काचेतून दिसू नये म्हणून पडदा झाकून उभी राहिली.

बारा मिनिटे होती. ऋजुताने आबाजींकडून कागद मागून घेतला आणि दोन्ही कंपन्यांना एकच पत्र लिहायला बसली. तरंगला तिने विचारले, की परवाना यंत्राबरोबर प्रवास करू शकेल असा का करत नाही. मेरूला विचारले, की दुसऱ्याचे पूल वाचायला तुम्हाला काय हरकत आहे. शेवटी तिने लिहिले : ‘उद्या मंगळावर मुले जन्मतील आणि ती स्वतः खेळ बनवतील. तेव्हा सर्व्हर तिथे असेल आणि चोवीस मिनिटे थांबायची वेळ आपल्यावर येईल. म्हणून आत्ताच नीट नियम करावेत.’

आबाजींनी पत्र दोनदा वाचले आणि एक स्वल्पविराम घातला. “बाकी काही बदलायला नको,” ते म्हणाले.

“ऋजुता, इकडे बघ,” फरझाना म्हणाली.

तिच्या यंत्राच्या पडद्यावर, पलीकडच्या काठावर, पाण्याच्या अगदी कडेला, एक दगड येऊन बसला होता. त्याखाली आईने दोनच शब्द लिहिले होते : ‘तुझी पाळी.’

ऋजुताने आपला दगड उचलला, तो सरळ आहे ना हे दोनदा पाहिले, आणि रचला.