विमानाच्या पोटाखालचं झाकण

"मामाजी, बंद करा! काटा लाल पट्टीवर गेला!"

पंख्यापासून लांब राहायला बांधलेल्या दोराच्या अलीकडून चंदा ओरडली. सुट्टीत ती सानगडीला आली ती मामाजींनी घरी बांधलेल्या विमानासाठीच. पहिल्या उड्डाणाला मागची सीट तिची, असं ठरलं होतं. पण आठवडाभर इंजिनाच्या अंगात जणू ताप भरला होता! आज नाही निवलं तर मामाजी ते इंजिन गावातल्या तुलारामला शेतातल्या पंपासाठी देणार होते, आणि तुलाराम ट्रॅक्टर घेऊन सकाळीच हजर!

"पुढून अजून वारा पायजे!" आनंदमामाजींनी पत्रा कापायची कात्री उचलली. भोकं पाडून पाडून विमानाच्या नाकाची त्यांनी पार चाळणी केली होती.

"थांबा ना काकाजी!" शेजारचा धम्मदीप म्हणाला. "वारा आत जाते का, ते तर पाहू!"

मामीच्या लोकरीचे तुकडे त्यांनी भोकांच्या कडेला चिकटवले. इंजिन सुरू झालं आणि काय नवल! धागे आत जायचे सोडून बाहेर फडफडू लागले.

"वारा तर उलटा येऊन राहिला बे!" धम्मदीप ओरडला.

काटा पुन्हा लाल! इंजिन बंद करून, तोंड पाडून सगळे घरात कूलरपुढे बसले. तरी घामाच्या धारा!

"चंदे, मुरमुऱ्याच्या डब्याचं झाकण तूच हरवलं ना?" मामी करवादली आणि तिने धाडकन खिडकी उघडली. "अन् खिडकी लावून कूलर काहून चालवता? आतली हवा निघाल्याबिगर नवी येईन कुठून?"

चंदाच्या हातातला पेला तसाच राहिला. ती धावत शेडमध्ये गेली आणि विमानाखाली आडवी झाली.

"धम्या, पाना आण! मामी, तुझं झाकण सापडलं!"

गरम हवा बाहेर पडायच्या वाटेवरच ते बोल्टांनी घट्ट आवळलेलं होतं!

"खार घरटं करून राहिली होती..." मामाजी पुटपुटले. "म्हणून मीच लावलं."

झाकण निघालं. इंजिन पुन्हा धडधडलं. धागे सुर्रकन आत वळले आणि काटा हिरव्या पट्टीवर जो बसला, तो हललाच नाही! तुलाराम हिरमुसला, पण टाळ्या त्यानेच आधी वाजवल्या.

"शाब्बास पोट्टेहो! तुमच्यापुढं हात जोडले," मामाजी म्हणाले. "चंदा, मागची सीट तुझीच!"

भोकं पडलेलं झाकण हातात घेऊन मामीने चंदाला जवळ ओढलं.

"उगीच बोलली मी तुले, बाई. बसजो मागं. अन् समोर बसते त्या माणसावर नजर ठेवजो!"