नवशीच्या निरोपाची पोच

हे घडलेलं आहे. वाचून कुणाला पटणार नाही, मला माहीत आहे. मलाही पटत नाही. पण तारीख मी वहीत लिहून ठेवलीय.

सोमवार, २२ नोव्हेंबर १९९९. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. डहाणूतल्या एका ट्रस्टच्या प्रसूतिगृहाची मागची खोली.

रात्र नव्हती. खिडकीत लख्ख ऊन होतं.

मुक्ता, माझी आठ महिन्यांची लेक, आत्ता झोपलीय. तिचं एक बोट माझ्या मुठीत आहे, दुसऱ्या हाताने लिहितेय. ती उठली की वही बंद.

या प्रसूतिगृहाची तलासरी, वरोर आणि कैनाड अशी तीन उपकेंद्रं. बाईला कळा सुरू झाल्या की तिथली सिस्टर फोन करणार, फोन लागला तर लागणार. म्हणून ट्रस्टने कॉम्प्युटर घेतले आणि काम माझ्याकडे आलं. सिस्टरने ब्राउझरमध्ये पान उघडून बटण दाबायचं, 'बाई निघाली'. लाइन मिळेपर्यंत मॉडेम पुन्हा पुन्हा डायल करणार आणि निरोप डहाणूच्या मशीनवर येणार. तिथे मी मेसेज ब्रोकर बसवला होता. तो एकच निरोप जीप, वॉर्ड आणि रक्तपेढी अशा तिघांना देणार.

"ब्रोकर म्हणजे दलाल ना?" यतीन, माझा नवरा, हसला होता. तो रेल्वेत आहे. "इतकी शिकलीस आणि शेवटी दलाली!"

"हा दलाल स्वतः काही घेत नाही. फक्त पोचवतो."

आणि पोचल्याची खात्री करतो. निरोप घेणाऱ्याने आपलं नाव टाकून 'पोच' दाबायची. पोच मिळेपर्यंत तो निरोप सोडत नाही, पुन्हा पुन्हा देत राहतो. कितवी फेरी तेही लिहितो.

जीप चालवणाऱ्या लाहूकाकांना हे समजावलं, तर त्यांनी मांडीवर थाप मारली.

"हा तर आपला कोपराच की गं बाय!"

"कसला कोपरा?"

"आधी पाड्यावरून चिठ्ठी यायची, यष्टीत कुणाच्या तरी हाती. ज्याने घेतली त्याने कोपरा फाडून परत धाडायचा. कोपरा आला म्हणजे जीप निघाली. आणि कोपरा मधे कुणाला द्यायचा नाय. ज्याने निरोप धाडला त्याच्याच हातात."

मला फार आवडलं ते. यंत्रात मी नवीन काही केलंच नव्हतं.

एकच चूक केली. निरोप ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने, एकेक करून द्यायचे, अशी सोय ठेवली. रांगेतल्या पुढच्याची पोच मिळाल्याशिवाय मागचा उघडायचाच नाही. गोंधळ नको म्हणून...

त्या सोमवारच्या आधीच्या बुधवारी दुपारी मुक्ताला शेजारी गोधडीवर निजवून काम करत होते. तीन वाजून दहा मिनिटांनी मशीन वाजलं.

'केंद्र: कैनाड. बाई निघाली. नाव: नवशी. वय: २०. फाट्यावर बसली आहे.'

खाली लिहिलं होतं... 'फेरी: ४०१२'.

यंत्र चाचणीसाठी सुरू होऊन नऊच दिवस झाले होते.

आणि कैनाडचं मॉडेम माझ्या पायाशी होतं. खोक्यात. थर्माकोलसकट.

मी तडक दिपकला फोनवर गाठलं. केंद्रांवर मॉडेम बसवायचं काम त्याचं, आणि थट्टेची खोड जुनी.

"दिपक, असली मस्करी मला चालत नाही. मी तान्ही पोर घेऊन येते इथे."

"आईशप्पथ अदितीबेन, मी तर कालपासून वरोरला. विचारा तिथल्या सिस्टरला!"

विचारलं. खरंच तो वरोरला होता.

मी निरोप पुसून टाकला.

गुरुवारी, तीन वाजून दहा मिनिटं... फेरी ४०१३.

शुक्रवारी ४०१४.

आता मला प्रत्येकाचा संशय यायला लागला. दिपकचा. तलासरीच्या नव्या सिस्टरचा. खोलीची किल्ली इथल्या सगळ्यात जुन्या वसुमती सिस्टरकडे असायची, म्हणून त्यांचासुद्धा. आणि याच सिस्टरनी मुक्ताच्या वेळी माझं बाळंतपण केलं होतं. त्यांच्यावर संशय घेताना माझीच मला लाज वाटली.

तरी शनिवारी विचारलं. "सिस्टर, कैनाडची नवशी कोण?"

त्या औषधांचं कपाट आवरत होत्या. हात थांबला नाही, पण एकच बाटली त्यांनी तीनदा पुसली.

"नवशी नावाच्या ढिगाने असतात गं. पुसून टाक आणि कामाला लाग."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. आणि तिच्या नावाचा निरोप येतोय, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. मग पुसून टाक म्हणजे काय?

सोमवारी यंत्राचा पहिला खरा दिवस. तलासरी आणि वरोर जोडलेले. मुक्ता गोधडीवर झोपलेली, दोन्ही मुठी कानांशी.

तीन दहा. 'नवशी. फाट्यावर बसली आहे. फेरी: ४०१७.'

मी पुसला. तो परत आला.

पुन्हा पुसला... पुन्हा आला. फेरी तीच.

आणि खाली एक ओळ उमटली. 'मागे थांबलेले निरोप: १'.



कुठेतरी एक खरी बाई कळा देत होती. तलासरीला की वरोरला, मला कळत नव्हतं. दोन्हींच्या दिशा वेगळ्या, जीप एक. फोन लावला, तलासरीचा लागेना, वरोरचा कुणी उचलेना. पुढच्या निरोपाची पोच दिल्याशिवाय मागचा उघडणार नव्हता, आणि ती व्यवस्था माझीच.

लाहूकाकांना हाक मारली. "काका, पोच दाबा. लवकर!"

ते पडद्याशी वाकले. नाव वाचलं. आणि दोन पावलं मागे सरले.

"मी नाय दाबणार."

"अहो, मागे बाई अडकलीय!"

"बाय, पोच देणं म्हणजे बाईला आणायचं कबूल करणं. हिला कुठून आणू मी?"

दारात वसुमती सिस्टर उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्याही पुढे आल्या नाहीत.

मग मी टाकलं माझं नाव. अदिती.

आणि पोच दाबली.

नवशीचा निरोप गेला. मागचा उघडला. 'केंद्र: तलासरी. बाई निघाली. नाव: जिवली. रक्तस्राव सुरू.'

लाहूकाका धावत सुटले.

जिवली वाचली. साडेपाचला मुलगा झाला. सिस्टर म्हणाल्या, अर्धा तास उशीर झाला असता तर दोघंही गेली असती. जीप परत येताना कैनाड फाट्यावर आपोआप बंद पडली आणि मिनिटभराने आपोआप चालू झाली, असं लाहूकाकांनी सांगितलं.

"मागचं दार कुणी उघडलं नाय," ते म्हणाले. "पण लागल्याचा आवाज आला."

मी मुक्ताला छातीशी धरून सिस्टरसमोर बसले. "आता सांगा."

त्यांनी कपाटाच्या तळातून एक डबा काढला.

"अकरा वर्षं झाली आज. चिठ्ठी माझ्याच हातात आली होती, तीन दहाला. जीप दुसरीकडे गेलेली. कोपरा फाडला असता तर मी बांधली गेले असते. जीप आली की फाडू, म्हटलं... नाही असंही कळवलं नाही. ती बैलगाडीने आली असती गं. पण कोपऱ्याची वाट बघत फाट्यावरच बसून राहिली. संध्याकाळी गेली. मूलही."

मी मनात हिशेब केला. रोज एक फेरी. अकरा वर्षं. चार हजार सतरा.

"चिठ्ठी मी जपून ठेवलीय. अख्खी. टाकवली नाही." त्यांनी डबा उघडला.

चिठ्ठीला कोपरा नव्हता.

"अख्खी होती!" त्या ओरडल्या. "काल पाहिलीय मी, अख्खी होती!"

फाटलेली कड पांढरीशुभ्र होती. बाकीचा कागद पिवळा.

तेवढ्यात मुक्ताने माझ्या खांद्यावर मान टाकली आणि उजवी मूठ सोडली. झोपेतून उठल्यापासून ती मूठ तिने घट्ट मिटून ठेवली होती. माझं लक्षच नव्हतं.

माझ्या मांडीवर काहीतरी पडलं...

रेघांच्या कागदाचा तिकोनी तुकडा. पिवळा.

सिस्टरनी तो चिठ्ठीला लावून पाहिला. बरोब्बर बसला.

ते काम मी सोडलं. यंत्रात आता क्रमाची अट नाही, आणि तो निरोप पुन्हा आलेला नाही. यतीन म्हणतो, सिस्टरच्याच हातून तुकडा पडला असेल, पोरीने उचलला असेल. असेलही. तो तुकडा गोधडीपर्यंत कसा आला, हे मात्र त्याला सांगता येत नाही.

मला लाहूकाकांचं वाक्य सोडत नाही. कोपरा मधे कुणाला द्यायचा नाही. ज्याने निरोप धाडला त्याच्याच हातात.

आणि कोपरा निघाला मुक्ताच्या मुठीतून. ती अजून बोलत नाही. बाकीच्या आया पहिल्या शब्दाची वाट बघतात.

मी मात्र रोज देवाला सांगते, थोडं उशिराच बोलू दे...

थांबते. तिचं बोट माझ्या मुठीतून सुटलंय. जागी झाली वाटतं.

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झालीत.